परत येण्याची वाट कुठे लिहिली आहे? मंडळीच्या कमिटीस खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि कमिटीतील बंधुभगिनींनो,

प्रभूच्या नावाने सलाम.

गेल्या महिन्यात कमिटीने एका तरुणाचा, प्रभुभोजनात परत घ्या असा अर्ज तिसऱ्यांदा फेटाळला. त्याला गेलेल्या उत्तरात एकच ओळ होती: ‘सदर प्रकरण बंद झाले आहे.’ ते पत्र त्याने मला दाखवलं. उघडून-मिटून कागद घडीवर फाटायला आला होता. त्याच्या परवानगीने, त्याचं नाव न घेता, मी हे उघडपणे लिहिते आहे. याआधी दोनदा मी कमिटीला बंद पाकिटातून लिहिलं. उत्तर आलं नाही. शिवाय हा निर्णय साऱ्या मंडळीच्या नावाने झालेला आहे, तेव्हा साऱ्या मंडळीला तो वाचता आणि तपासता आला पाहिजे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी ज्या ठरावाने त्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे मंडळीने मिळून भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीपासून, दूर ठेवलं, त्या ठरावावर माझी सही आहे. तेव्हा मी कमिटीत होते. आणि त्याच्याही आधी, तो लहान असताना, कितीतरी वर्षं माझ्या शब्बाथ शाळेच्या वर्गात होता. हरवलेल्या मेंढराची गोष्ट त्याने पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकली असणार. मी फळ्यावर खडूने मेंढरं काढायचे आणि मुलं ती मोजायची. एक पुसलं की सगळी ओरडायची, ‘बाई, एक कमी आहे!’ ज्या हाताने मी ते मेंढरू पुसून पुन्हा काढायचे, त्याच हाताने मी सही केली. त्या दिवशी मला काही खटकलं नाही, हे आज जास्त खटकतं.

तो निर्दोष होता असं माझं म्हणणं मुळीच नाही. घरातल्या आजारपणाच्या दिवसांत त्याने मंडळीच्या निधीतून पैसे घेतले. पण त्याला कोणी पकडलं नव्हतं. तो आपण होऊन आला, पाळकसाहेबांसमोर बसला, सगळं सांगितलं आणि चार महिन्यांत पै न पै परत केली. हिशेबाचं काम त्याच्याकडून काढून घेतलं, ते योग्यच झालं. उद्या कोणी म्हणालं की अजून काही वर्षं पैशाचा व्यवहार त्याच्या हाती देऊ नये, तर मी वाद घालणार नाही. मोडलेला भरवसा सावकाशच जुळतो. पण काम काढून घेणं वेगळं आणि माणूस काढून टाकणं वेगळं. आपण पहिलं करता करता दुसरं करून बसलो.

‘शिस्त सोडली तर मंडळीत काहीही चालेल’ हे वाक्य मला या तीन वर्षांत अनेकांनी ऐकवलं. म्हणून स्पष्ट लिहिते: शिस्त हवीच. 1561 च्या बेल्जिक विश्वासकथनात, म्हणजे प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या एका जुन्या श्रद्धापत्रात, खऱ्या मंडळीच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. वचनाचा शुद्ध उपदेश, विधींचं योग्य पालन आणि तिसरी खूण, पाप सुधारण्यासाठी मंडळीची शिस्त. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक काल्व्हिन याने शिस्तीचे तीन हेतू मांडले: देवाच्या नावाला आणि प्रभूच्या मेजाला कलंक लागू नये, वाईट संगतीने चांगले बिघडू नयेत, आणि चुकलेल्याला आपल्या पापाची लाज वाटून त्याने पश्चात्ताप करावा. आपल्या ठरावात यातले पहिले दोन हेतू शब्दशः आले आहेत. तिसऱ्याचा उल्लेखही नाही. मी तो ठराव पुन्हा पुन्हा वाचला आहे; त्यात ‘पश्चात्ताप’ हा शब्द एकदाही येत नाही. पश्चात्ताप आमच्यासमोर बसलेला होता, डोळे पुसत होता, आणि आम्ही ठरावाचा मसुदा नीट करत होतो.

मराठीत ‘अद्दल घडवणं’ आणि ‘वळण लावणं’ अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अद्दल परक्यालाही घडवता येते. वळण आपल्याच लेकराला लावतात. शिस्त म्हणताना आपल्या कमिटीच्या मनात अद्दल होती. प्रेषित पौलाने गलतीयातल्या मंडळ्यांना लिहिलं की कोणी अपराधात सापडला तर त्याला सौम्यतेने पुन्हा ठिकाणावर आणा. तिथे त्याने जे ग्रीक क्रियापद वापरलं आहे, तेच शुभवर्तमानात याकोब आणि योहान होडीत बसून आपली जाळी नीट करत होते तिथे आलं आहे. फाटलेलं जाळं कोळी पाण्यात फेकून देत नाही. मांडीवर घेतो, भोक कुठवर गेलंय ते बोटांनी चाचपतो आणि गाठ मारतो. त्यासाठी आधी बसावं लागतं. या तीन वर्षांत त्याच्याजवळ आपल्यापैकी कोण बसलं?

आता तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली तक्रार मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाबद्दल. ठरावात त्या अध्यायाचा आधार घेतला आहे. तो अध्याय काय सांगतो? आधी एकट्याने एकांतात जा. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत घे. त्यांचंही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही, तरच तो तुला परक्यासारखा, जकातदारासारखा. प्रत्येक पायरीवर ‘ऐकलं नाही तर’ ही अट आहे. या मुलाने तर कोणी सांगण्याआधीच ऐकलं होतं. म्हणजे येशूच्या शब्दांप्रमाणे हे प्रकरण पहिल्याच पायरीवर मिटलं होतं; त्या पायरीवर मिळणाऱ्या फळाला प्रभू ‘भाऊ मिळवणं’ म्हणतो. आपण मिळालेला भाऊ घेतला आणि आठ दिवसांत थेट शेवटच्या पायरीवरून खाली ढकलला. रोमन कॅथलिक परंपरा आपली नाही, पण 1983 ची त्यांची धर्मविधीसंहिता, म्हणजे त्यांच्या चर्चचा कायदा, पाहा: तिथे बहिष्कार ‘औषधी’ शिक्षांमध्ये मोडतो, अधिकाऱ्याने तो लादायचा तर आधी ताकीद द्यावी लागते, आणि ज्याने खऱ्या पश्चात्तापाने हट्ट सोडला त्याला मोकळं करणं नाकारता येत नाही. हट्ट नसलेल्या माणसाला ही शिक्षा देण्याचा प्रश्नच तिथे येत नाही. आपण ती दिली.

आणि त्या अध्यायात हे श्लोक कुठे बसले आहेत तेही बघा. त्यांच्या लगेच आधी हरवलेलं मेंढरू आहे. थोडं पुढे पेत्राचा प्रश्न आहे, कितीदा क्षमा करू, सात वेळा? आणि उत्तर आहे, साताच्या सत्तर पट. आपण मधले तीन श्लोक कापून घेतले आणि दोन्ही बाजूंचं टाकून दिलं.

दुसरी तक्रार त्या रविवारच्या घोषणेबद्दल. गायकगणाचा सराव किती वाजता आणि आवाराची साफसफाई कोणत्या दिवशी, या दोन सूचनांच्या मध्ये त्याचं नाव वाचलं गेलं. कारण सांगितलं गेलं नाही, फक्त ‘गंभीर वर्तन’ असे दोन शब्द. त्या दोन शब्दांत ज्याला जे भरायचं ते त्याने भरलं. आठवड्याभरात त्याच्याबद्दल अशा गोष्टी माझ्या कानावर आल्या ज्या त्याने कधी केल्या नव्हत्या. त्याची आई त्या वेळी तिसऱ्या बाकावर होती. घोषणेनंतर लगेच पुढचं गीत सुरू झालं आणि ती गाण्यासाठी उभी राहिली, पुस्तक उलटं धरून.

कमिटीतले काही जण पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय पुढे करतात. थोडंसं खमीर सगळा गोळा फुगवतं, म्हणून बाहेर काढा. तोच अध्याय दुसऱ्या श्लोकापासून वाचावा. पौल आधी करिंथकरांवर रागावतो, तो यासाठी की ते फुगून गेले होते, त्यांनी शोक केला नव्हता. बाहेर काढण्याआधी रडायला हवं होतं, असं तो म्हणतो. त्या रविवारी आपल्यापैकी कोणी रडलं नाही. मीही नाही. आणि ज्या माणसाची ती गोष्ट आहे तो तर पाप सोडायलाच तयार नव्हता. दुसऱ्या पत्रात पौल शिक्षा झालेल्या एका माणसाबद्दल पुन्हा लिहितो. तो हाच की दुसरा, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण सांगणं अगदी स्वच्छ आहे: बहुतेकांनी दिलेली शिक्षा पुरे झाली, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर अति दुःखाने तो बुडून जाईल. आणि पुढे तो म्हणतो की हे न केलं तर सैतानाचं साधेल. आपण सैतानाला त्या मुलाच्या चोरीत शोधत राहिलो. पौल त्याला आपल्या न दिलेल्या क्षमेत दाखवतो.

तिसरी तक्रार माझ्या मते सगळ्यांत मोठी आहे. ठरावात जाण्याची वाट आहे, येण्याची नाही. ‘पुढील आदेशापर्यंत’ असं लिहिलं आणि पुढचा आदेश कोण देणार, कधी, काय पाहून, हे कुठेच लिहिलं नाही. त्याला भेटत राहण्यासाठी एकाही माणसाची नेमणूक झाली नाही. कोणी ठरवून त्याला टाळलं असं मी म्हणत नाही. सगळ्यांना वाटलं, दुसरा कोणी जात असेल.

आपल्याला वाटतं की जुने लोक फार कडक होते. होतेच. 325 साली निकेयाच्या धर्मसभेने, छळाच्या काळात जबरदस्ती नसतानाही विश्वास सोडलेल्यांना 12 वर्षांचं प्रायश्चित्त सांगितलं. आज ऐकूनही छाती दडपते. पण त्या 12 वर्षांना पायऱ्या होत्या आणि शेवट होता. इतकी वर्षं फक्त ऐकायला बस, इतकी गुडघे टेकून, इतकी प्रार्थनेत सामील हो, आणि मग मेजाशी ये. त्याच्या पुढच्याच नियमात म्हटलं आहे की ज्यांचा पश्चात्ताप भीतीतून, अश्रूंतून, धीरातून आणि चांगल्या कामांतून दिसतो, त्यांच्याशी बिशपाने अधिक दयेने वागावं. मरणाच्या दारी असलेल्याला प्रभुभोजन नाकारू नये, हाही नियम तिथलाच. आणि पाचवा नियम तर मी मोठ्या अक्षरांत लिहून कमिटीच्या खोलीत लावला असता: कोणाला बिशपाच्या कोत्या मनामुळे किंवा भांडणापोटी बाहेर काढलं आहे का, याची चौकशी व्हावी, आणि त्यासाठी प्रत्येक प्रांतात वर्षातून दोनदा धर्मसभा भरावी. सतराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना ठाऊक होतं की शिक्षा देणाराही चुकू शकतो. आपलं ‘प्रकरण बंद’ आहे.

बंद म्हणजे काय असतं, ते मी पाहिलं आहे. पहिली अडीच वर्षं तो दर रविवारी यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा. प्रभुभोजनाच्या दिवशी मीही मुद्दाम मागे बसू लागले होते. भाकरीचं ताट यायचं, मग प्याल्यांचा ट्रे. तो ट्रे दोन्ही हातांनी घ्यायचा, एकही प्याला हिंदकळू न देता, आणि शेजारच्याच्या हाती द्यायचा. शेजारचा त्याच्याकडे न बघता घ्यायचा. मग तो हात मांडीवर ठेवून मान खाली घालायचा. अडीच वर्षं त्याने इतरांना प्रभुभोजन पोचवलं. गेले काही महिने तो बाक रिकामा आहे.

चौथी तक्रार लिहिणं मला जड जातंय, पण ती टाळली तर बाकीचं पत्र खोटं ठरेल. याच तीन वर्षांत कमिटीतल्याच एका जबाबदार व्यक्तीविरुद्ध, हाताखाली काम करणाऱ्यांना धमकावल्याची लेखी तक्रार आली. तीन जणांच्या सह्या होत्या. ती खरी की खोटी, हे मी इथे ठरवत नाही. तो माझा अधिकारही नाही. मी एवढंच विचारते की ती ऐकली का गेली नाही. तक्रारदारांना सांगण्यात आलं, ‘बाहेर कळलं तर मंडळीची साक्ष बिघडेल.’ पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला सांगतो की मंडळीच्या वडिलांवरचा, म्हणजे पुढाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको. इथवर सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पुढचं वाक्य कोणी वाचत नाही: जे पाप करत राहतात त्यांची सर्वांसमोर कानउघाडणी कर, आणि हे पक्षपात न करता कर. 390 साली थेस्सलनीकात सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने कत्तल झाली, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी पश्चात्ताप केल्याशिवाय सम्राटाला प्रभूच्या मेजाशी येऊ दिलं नाही, आणि रोमचा सम्राट उघडपणे प्रायश्चित्त करता झाला. सत्तेवरच्या माणसाला जी शिस्त लागू होत नाही, तिला शिस्त म्हणताच येत नाही. आपल्याकडे ज्याने स्वतः येऊन सांगितलं त्याचं नाव वाचलं गेलं, आणि ज्याच्याबद्दल तिघांनी सांगितलं त्याचं नाव झाकलं गेलं. आपली पोरं हे बघताहेत. पुढच्या वेळी एखाद्याच्या हातून चूक झाली तर तो कबुली देईल, की गप्प बसायला शिकेल?

पाचवी लहानशी. बाहेर ठेवलेल्याशी कसं वागायचं, हे आपण शास्त्रात न बघता एकमेकांकडे बघून ठरवलं. रस्त्यात भेटला तर मान वळवायची, घरच्या लग्नाला बोलवायचं नाही. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो, त्याला शत्रू समजू नका, भाऊ म्हणून समजवा. आणि त्या काळी लोक ज्याला तुच्छ मानत त्या ‘जकातदाराप्रमाणे समज’ हे येशूचे शब्द असतील, तर येशू जकातदारांशी कसा वागला तेही पाहायला नको का? ज्या शुभवर्तमानाला मत्तयाचं नाव आहे, त्यातच मत्तयाला जकातीच्या नाक्यावरून उठवून आणल्याची गोष्ट आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

त्याचा अर्ज पुढच्या महिनाभरात पुन्हा घ्यावा, त्याला समोर बसवून ऐकावं आणि येत्या प्रभुभोजनात त्याला सामील करावं. जिथून त्याचं नाव वाचलं, तिथूनच, त्याच आवाजात, तो परत आल्याचं मंडळीला सांगावं. सूचनांच्या मध्ये नको. प्रार्थनेच्या वेळी सांगावं.

शिस्तीचा लेखी नियम करावा. त्यात कारण स्पष्ट असावं, मुदत असावी, दर तीन महिन्यांनी फेरविचार असावा, आणि ज्याच्यावर कारवाई होते त्याच्यासोबत चालायला दोन माणसं नेमलेली असावीत. त्या दोघांनी दर फेरविचाराच्या वेळी कमिटीला सांगावं की ते त्याला कधी आणि किती वेळा भेटले. भेटले नसतील तर जाब आधी त्यांना विचारावा.

कमिटीच्या निर्णयावर कमिटीबाहेरच्या, वरच्या धर्मसभेकडे दाद मागता यावी, आणि हा हक्क आहे हे त्या माणसाला निर्णयाच्या पत्रातच कळवावं.

तिघांच्या सहीची ती तक्रार मंडळीबाहेरच्या निःपक्ष माणसांकडे द्यावी. चौकशी होईपर्यंत संबंधित व्यक्तीने कमिटीच्या कामापासून बाजूला राहावं. तक्रार खोटी निघाली तर तेही तितक्याच मोकळेपणाने जाहीर करावं. त्या व्यक्तीचाही तो हक्क आहे.

आणखी एक गोष्ट नियमात अगदी वर लिहावी. लहान मुलाला किंवा कोणालाही शारीरिक, लैंगिक इजा झाल्याची तक्रार असेल, तर ‘आधी एकांतात जा’ ही पायरी तिथे लावू नये. दुखावलेल्याला दुखावणाऱ्याच्या समोर एकटं बसवणं हे शास्त्र नाही. ते प्रकरण त्याच दिवशी पोलिसांकडे गेलं पाहिजे. मंडळीची शिस्त कायद्याच्या जागी उभी राहू शकत नाही, आणि गुन्हा लपवायला तर मुळीच नाही.

शेवटची मागणी माझ्यापुरती आहे. तीन वर्षांपूर्वीच्या ठरावावरची माझी सही मी मागे घेते आहे. याने ठराव रद्द होत नाही, मला ठाऊक आहे. तरी पुढच्या सभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद व्हावी.

मी त्या मुलाला भेटून आले. दाराशीच त्याने विचारलं, ‘बाई, तुम्ही कमिटीकडून आलात का?’ मी नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर निराशा उमटली आणि मग त्याने मला आत बोलावलं. कमिटीकडून कोणी येईल, याची तो अजून वाट बघतो आहे.

येत्या रविवारी उपासना संपल्यावर मी पुन्हा त्याच्याकडे जाणार आहे. पाळकसाहेब, कमिटीतल्या बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी मी मंदिराच्या दाराशी थांबेन.

प्रभूमध्ये आपली बहीण,
मंडळीची एक सभासद, शब्बाथ शाळेची शिक्षिका